हवामान बदल परिशिष्टात नको, निविदेत हवा

लँडस्केपच्या, म्हणजे उद्यानं आणि मोकळ्या जागांच्या रचनेच्या, बहुतेक मोठ्या आराखड्यांत आता हवामान बदलावर एक प्रकरण असतं. ते मनापासून लिहिलेलंही असतं. पण काम प्रत्यक्षात कसं होणार हे ठरतं अंदाजपत्रकात, निविदेत आणि देखभालीच्या करारात, आणि तिथे त्या प्रकरणातली एक ओळही पोहोचत नाही. म्हणून बाग वीस वर्षांपूर्वी झाली असती तशीच होते. मधोमध हिरवळ, कडेने फरसबंदी, आणि पावसाचं पाणी जमेल तितक्या लवकर गटारात.

हे बदलू शकतं. २ जुलै २०११ रोजी कोपनहेगनमध्ये ढगफुटी झाली, रस्ते आणि तळघरं पाण्याखाली गेली. पुढच्याच वर्षी शहराने ढगफुटीसाठी स्वतंत्र आराखडा केला, त्यातून सुमारे ३०० कामं निघाली. एरवी कोरडी राहणारी आणि अतिवृष्टीत पाणी साठवणारी उद्यानं, पाणी वाहून नेणारे रस्ते. मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र नकाशावर दिसत नाही. पाणीपट्टीचा पैसा फक्त पाइपांवर न घालता अशा जमिनीवरच्या कामांनाही देता यावा, म्हणून तिथे कायद्यात बदल झाला. पैसा त्या दिशेने वळल्यावर उद्यान शोभेच्या खात्यातून पाण्याच्या खात्यात आलं.

सिंगापूरच्या बिशान उद्यानातला काँक्रीटचा सरळ कालवा काढून २०१२ पर्यंत तिथे वळणावळणाची नदी केली गेली. पाऊस वाढला की ती पसरते, आणि पसरण्यासाठीच काठाची जमीन मोकळी ठेवलेली आहे.

हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणजे पाऊस कोसळतो तेव्हा जास्त जोराने कोसळू शकतो. तरीही नाल्यांचं गणित गेल्या पिढीच्या पावसावर मांडायचं, हे मला पटत नाही.

झाडांबाबत तर मला जास्तच पोटतिडकीने बोलावंसं वाटतं. आज लावलेलं रोप भर सावली देईल तेव्हाचा उन्हाळा आजच्यासारखा नसेल, त्यामुळे निवड त्या उन्हाळ्यासाठी करायला हवी. अमेरिकी वृक्षतज्ज्ञ फ्रँक सांतामूर यांनी १९९० मध्ये एक साधा नियम सुचवला होता: एका प्रजातीची झाडं १० टक्क्यांहून, एका वंशाची (जवळच्या प्रजातींच्या गटाची) २० हून आणि एका कुळाची (अशा वंशांच्या मोठ्या गटाची) ३० हून जास्त नकोत. एखादी कीड आली तर सगळी सावली एकदम जाऊ नये, हा हेतू. पण यादी वैविध्यपूर्ण असून भागत नाही, रोपवाटिकेत ती रोपं तयार हवीत. त्यांची मागणी काही वर्षं आधी नोंदवावी लागते, आणि एका आर्थिक वर्षापुरता विचार करणारी व्यवस्था नेमकं तेच करत नाही.

आणि माती! निविदेत रोपांची संख्या, उंची, खोडाचा घेर सगळं मोजलेलं असतं. मुळांना किती घनमीटर माती मिळणार, याचा रकाना बहुधा नसतोच. बांधकामाची यंत्रं फिरून दगडासारखी दाबली गेलेली जमीन जराशी उकरून त्यात झाड खोचलं जातं. अशा जमिनीत पाणी मुरत नाही, मुळं पसरत नाहीत. झाड जगलं तरी खुरटतं, आणि ज्या गारव्याच्या आशेवर आराखडा मंजूर झाला तो कधी येतच नाही.

खर्च वाढेल असं लगेच म्हटलं जातं. सुरुवातीचा काही वाढेलही. पण मेलेली झाडं पुन्हा पुन्हा लावण्याचा आणि तुंबलेलं पाणी उपसण्याचा खर्च दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात पडतो, म्हणून तो या हिशेबात दिसत नाही.

इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना जैवविविधतेत किमान १० टक्के वाढ दाखवावी लागते, आणि विकासकाने त्यासाठी केलेले प्राणी-वनस्पतींचे महत्त्वाचे अधिवास ३० वर्षं सांभाळावे लागतात. या नियमातल्या पळवाटांवर वाद आहेत, पण देखभालीची मुदत परवानगीलाच बांधणं मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे एखाद्या उद्यानाचा आराखडा हरकतींसाठी खुला झाला, तर चित्रातल्या हिरव्या रंगापाशी थांबू नका. किती मिलिमीटर पाऊस या जागेतच मुरणार, प्रत्येक झाडाला किती माती, आणि पहिली पाच वर्षं पाणी कोण घालणार व कुठल्या पैशांतून, हे लेखी विचारा.