वळणाच्या बाहेरच्या अंगाला

वादाची सुरुवात नेहमीप्रमाणे बंड्याच्या मोबाइलवरून झाली. कट्ट्यावर बसल्या बसल्या त्याने मोटार रॅलीच्या ग्रुप बी या ऐंशीच्या दशकातल्या गटातल्या गाड्यांची एक जुनी क्लिप लावली. तिच्यात रस्ता दिसतच नाही, दिसतात ती फक्त माणसं. गाडी येते, माणसं अगदी शेवटच्या क्षणी दोन्हीकडे सरकतात आणि गाडी गेली की पाणी मिटावं तशी मागे पुन्हा मिटतात.

"याला म्हणतात रॅली," बंड्या म्हणाला. "आता जे चालतं ते हेल्मेट घालून झोपाळ्यावर बसणं आहे."

"त्यात माणसं किती आहेत, मोजलीस?" मास्तरांनी विचारलं.

आम्ही चौघंच होतो. बंड्याने आयुष्यात एकही रॅली प्रत्यक्ष पाहिलेली नाही, पण नुसत्या आवाजावरून ऑडी क्वात्रो ओळखतो. मास्तर निवृत्त, फिजिक्स शिकवायचे. त्यांना गाड्यांमध्ये रस नाही, दुसऱ्याच्या युक्तिवादातली भोकं शोधण्यात आहे. ताई आमच्यात सगळ्यात लहान, तरी तिला सगळे ताईच म्हणतात. चार-पाच रॅलींत ती नॅव्हिगेटरच्या, म्हणजे ड्रायव्हरला वळणं वाचून दाखवणाऱ्याच्या, सीटवर बसली आहे. आणि मी दोनदा मार्शल होतो. मार्शल म्हणजे एक शिट्टी, एक टेपचं बंडल आणि दिवसभर ऊन.

"लान्चिया डेल्टा एस4," बंड्या स्तोत्र म्हणावं तसं सांगू लागला. "वजन नऊशे किलोच्या आसपास, ताकद पाचशे हॉर्सपॉवरच्या घरात. कंपनीने रस्त्यावरच्या दोनशे गाड्या बनवून दाखवल्या की झालं, रॅलीला परवानगी. 1982 ते 1986, पाचच वर्षं. पण लोक अजून तेच बघतात."

"मग पाचच वर्षं का?"

मास्तरांना उत्तर माहीत होतं, तरी विचारलं. बंड्याचा आवाज खाली आला. या माणसाला त्या काळातली एकूण एक तारीख पाठ आहे. 2 मे 1986, कोर्सिका. हेन्री तोइव्होनेन आणि त्याचा को-ड्रायव्हर, म्हणजे नॅव्हिगेटरच, सर्जो क्रेस्टो. गाडी एका डाव्या वळणावरून खाली गेली, सीटखालच्या पेट्रोलच्या टाक्या पेटल्या. अपघात होताना बघणारं तिथे कोणी नव्हतं. बरोबर एक वर्ष आधी, 2 मे 1985 ला, त्याच रॅलीत अत्तिलिओ बेत्तेगा गेला होता, तोही लान्चियातच. तोइव्होनेनच्या अपघातानंतर काही तासांतच पुढच्या वर्षापासून ग्रुप बी बंद, असं जाहीर झालं.

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग मी म्हणालो, "पण त्याच वर्षी मार्चमध्ये पोर्तुगालला झालं ते वेगळं होतं. लोक दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात आणि तिथेच घोळ होतो."

पोर्तुगालमध्ये सिंत्राजवळच्या स्टेजवर (स्टेज म्हणजे रॅलीतला वेळ मोजला जाणारा रस्त्याचा तुकडा) जोआकिम सांतोसची फोर्ड आरएस200 गर्दीत शिरली. समोर आलेल्या माणसांना चुकवताना त्याचा ताबा गेला होता. तीन प्रेक्षक मेले, तीसहून जास्त जखमी झाले. कंपन्यांच्या संघांचे ड्रायव्हर एकत्र बसले आणि सगळ्यांनी माघार घेतली. रॅली मात्र थांबली नाही, उरलेल्यांत ती पूर्ण झाली. (हे मला अजून पचत नाही.)

"एकीकडे गाडी जळली, एकीकडे गाडी माणसांत शिरली," मी म्हणालो. "रोग दोन, औषध एकच दिलं: गाडी बंद करा. गाडी बदलता येते. आराखड्यावर रेघ मारली की झालं. वळणावर उभ्या असलेल्या माणसाचं काय करणार? तो अजून तिथेच उभा आहे."

"म्हणजे गाड्यांवर अन्याय झाला, हे तू मान्य करतोस," बंड्या चटकन म्हणाला. या माणसाला बोट दिलं की तो खांदाच धरतो.

"तसं नाही म्हटलं."

"म्हटलंस की! आणि तो रिस्ट्रिक्टर बघ. टर्बोच्या तोंडाला बूच. 33 मिलिमीटरच्या भोकातून श्वास घ्या आणि तीनशे हॉर्सपॉवरवर समाधान माना. 2017 मध्ये भोक 36 केलं, गाड्या 380 वर गेल्या आणि कशी मजा आली!"

"आली ना," ताई पहिल्यांदाच बोलली. "2022 पासून तीन वर्षं हायब्रिड होतं तेव्हा तर एकत्र ताकद पाचशेच्याही वर जायची. तुझ्या लान्चियाइतकी. कोणी बंद केली का?"

बंड्या गप्प.

"कारण सीटखाली टाकी नव्हती," ती म्हणाली. "आणि माणसाभोवती नळ्यांचा पिंजरा होता. 2020 ची माँटे कार्लो आठव. ओट तानाकची ह्युंदाई ताशी साधारण 180 किलोमीटरच्या वेगाने रस्ता सोडून हवेत गेली, झाडांवर आपटत खाली आली. तो आणि को-ड्रायव्हर, दोघं आपल्या पायांनी बाहेर आले. ती क्लिप तू मला किती वेळा पाठवलीस?"

"ती भारीच आहे."

"का भारी आहे? शेवटी ते बाहेर येतात म्हणून. नसते आले तर पाठवली असतीस?"

यावर बंड्याने मोबाइल खिशात ठेवला, ही त्याची हार मानण्याची पद्धत. मला वाटलं, संपलं. पण ताईनेच गाडी उलटी फिरवली.

"तरी बंड्याचं एक बरोबर आहे," ती म्हणाली. "काही नियम खरंच मजा मारतात. 2017 मध्ये स्वीडनला क्नोन नावाच्या स्टेजवर सरासरी वेग 137 च्या वर गेला. 130 च्या वर जाऊ नये असं ठरलेलं, म्हणून दुसरी फेरी रद्द. त्याच वर्षी फिनलंडला वेग कमी करायला सरळ रस्त्यात गवताच्या गाठी रचून शिकेन, म्हणजे मुद्दाम घातलेली नागमोडी वळणं, केली. ड्रायव्हर वैतागले. मीही वैतागले असते. फिनलंडचा रस्ता म्हणजे एक वाक्य असतं रे, एका उंचवट्यावरून दुसऱ्यात ओवलेलं. मध्येच कोणी स्वल्पविराम आणून ठेवला तर चिडायला होतं."

"137 आणि 130 मध्ये असा काय फरक?" बंड्याला पुन्हा हुरूप आला.

मास्तर याचीच वाट बघत होते. "वेगाचा वर्ग," ते म्हणाले. "शंभरवरून एकशेतीसवर गेलास तर वेग तीस टक्के वाढतो, पण आपटल्यावर जिरवायची ऊर्जा जवळजवळ सत्तर टक्के. पिंजरा तेवढाच आहे, फोम तेवढाच आहे, मानेचं हाड तेवढंच आहे. 130 हा आकडा काही आकाशातून पडलेला नाही, पण दगडावर कोरलेलाही नाही. कुठेतरी रेघ मारायची म्हणून मारलेली."

"आणि ती हलते," मी म्हणालो. "फिनलंडची अख्खी रॅली 2016 मध्ये 126.60 च्या सरासरीने जिंकली गेली, तेव्हा केवढा गहजब झाला. 2025 मध्ये तोही विक्रम मोडला, सरासरी 130 ला टेकली."

"फिनलंड!" बंड्याचे डोळे चमकले. "2003, ओउनिनपोह्याची स्टेज. मार्को मार्तिनची फोर्ड 57 मीटर उडाली. सत्तावन्न! वेग 171. ते काय नियम वाचून झालं?"

"मार्तिनच्या शेजारी कोण होतं?" ताईने विचारलं.

बंड्याला माहीत होतं, पण त्याने उत्तर दिलं नाही.

"मायकल पार्क," तीच म्हणाली. "2005, वेल्स. गाडी झाडावर गेली. त्याच्या बाजूने. मार्तिनला काही झालं नाही. तो त्यानंतर जागतिक मालिकेत पूर्णवेळ कधी परतलाच नाही." मग जरा थांबून, "तुम्ही सगळे ड्रायव्हरच्या सीटवरून बोलता. मी डावीकडे, मान खाली घालून वही वाचत बसते. 'उजवं पाच, माथ्यावरून, आत कापू नको, शंभर.' आकडा जितका लहान, तितकं वळण तीव्र; शंभर म्हणजे पुढचं अंतर. रस्ता मी बघतच नाही. बघायला गेले तर ओळ चुकते. थरार त्याचा, अर्धी जोखीम माझी, स्टिअरिंग माझ्या हातात नाही. आजच्या गाड्यांच्या दारात जाड फोम भरलेला असतो, मान धरून ठेवणारं हॅन्स असतं. त्याने माझा थरार कमी होत नाही. उलट वाचताना आवाज कापत नाही."

मला ही गोष्ट इतकी वर्षं सुचली नव्हती हे कबूल करतो. सुरक्षा की थरार, असा वाद घालताना आपण धरून चालतो की दोन्ही एकाच माणसाचे आहेत. ड्रायव्हरने आपल्या जिवावर पैज लावावी, त्याला कोण अडवणार? पण त्या पैजेत शेजारचा आहे, वळणावरचा मार्शल आहे, आणि तिकीटसुद्धा न काढता झुडपातून आलेला कोणीतरी आहे.

"क्रेग ब्रीनचं काय मग?" बंड्याने हळू आवाजात विचारलं. "2023. रॅलीसुद्धा नव्हती, क्रोएशियाच्या आधीचं टेस्टिंग. कुंपणाचा लाकडी खांब खिडकीतून आत आला. पिंजरा होता, फोम होता, सगळं होतं. को-ड्रायव्हर सुखरूप, तो गेला."

कोणाकडेच उत्तर नव्हतं. मास्तरांकडेही नाही, आणि त्यांनी तसा आवही आणला नाही.

विषय बदलायला म्हणून मी माझी मार्शलगिरी काढली. पहिल्या वेळी मला एका उजव्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं केलं होतं. बाहेरची बाजू म्हणजे ताबा सुटला तर गाडी जिथे येणार ती जागा. म्हणून तिथे टेप बांधायची, तिच्या पुढे कोणाला येऊ द्यायचं नाही. मी टेप बांधली. दहा मिनिटांनी बघतो तर टेप तीन मीटर पुढे. कोणी सरकवली, ते अर्थातच कोणाला माहीत नाही. मी मागे नेली, ती पुन्हा पुढे. एक गृहस्थ लहान मुलाला खांद्यावर घेऊन उभे. म्हणाले, "आम्ही दरवर्षी इथेच उभे राहतो, अजून काही झालेलं नाही." या वाक्यावर माझ्याकडे आजही तोड नाही. न झालेल्या अपघाताचा पुरावा कुठून आणायचा?

"मग स्टेज रद्द करायची," मास्तर म्हणाले.

"करतात. मिशेल मुतोंचं उदाहरण घ्या. ग्रुप बीच्याच काळात रॅली गाजवलेली बाई, जागतिक रॅलींमध्ये चार विजय. पुढे तीच आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाची सुरक्षा प्रतिनिधी झाली. स्पर्धकांच्या आधी स्टेजवरून गाडी न्यायची आणि गर्दी बघायची. ज्या गर्दीतून स्वतः गाडी काढली, तिलाच मागे हटवायचं."

"पण रद्द केल्यावर नीट उभ्या राहणाऱ्यांचीही शिक्षा होते ना," बंड्या म्हणाला. हा मुद्दा चोख होता, मान्य. पोलंडची रॅली 2017 नंतर प्रेक्षकांच्या सुरक्षेच्याच कारणावरून जागतिक मालिकेतून गेली ती थेट 2024 ला परतली. त्या सहा वर्षांत टेपच्या मागे शहाण्यासारखं उभं राहणाऱ्या पोलिश माणसाने कोणाचं काय घोडं मारलं होतं? तरीही मी रद्द करण्याच्याच बाजूचा आहे. त्या मुलाला मी खांद्यावर बघितलंय.

"बरं, अपघात झालेल्या गाडीच्या मागे त्रिकोण किती अंतरावर ठेवायचा?" मास्तरांनी मध्येच विचारलं.

"किमान पन्नास मीटर," ताई म्हणाली. "आणि ठीक असाल तर हिरवा ओके दाखवायचा, नसाल तर लाल एसओएस. लाल दिसला की मागून येणाऱ्याने थांबायचंच. त्याचा गेलेला वेळ नंतर हिशेबात धरतात."

"180 च्या वेगाला पन्नास मीटर म्हणजे एक सेकंद."

"हो. म्हणून ठेवायला धावत जायचं असतं, मास्तर."

हा लाल पाटीवर थांबण्याचा नियम बंड्यालाही आवडतो, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. जिंकायला निघालेला माणूस प्रतिस्पर्ध्यासाठी ब्रेक मारतो, यात त्याला 57 मीटरच्या उडीइतकंच काहीतरी दिसतं. तसं तो कबूल करणार नाही.

अंधार पडत आला होता. ताईने कुठून तरी विटेचा तुकडा उचलला आणि कट्ट्यासमोर जमिनीवर एक उजवं वळण काढलं. "चप्पल काढा," ती म्हणाली. "रॅली बघायला गेलात, तर कुठे उभे राहाल तिथे ठेवा."

मास्तरांनी आपली चप्पल वळणाच्या आतल्या बाजूला, रस्त्यापासून बरीच दूर, जवळजवळ गटारात ठेवली. मी टेप बांधायचो त्याच्या मागे. बंड्याने खूप विचार केला, एक डोळा मिटून कोन बघितला आणि चप्पल बरोबर वळणाच्या बाहेर ठेवली. अगदी रेघेला लागून.

"का रे?"

"फोटो तिथूनच येतो."

ताईने स्कूटरची किल्ली काढली, रस्त्याच्या सुरुवातीला ठेवली आणि टिचकी मारली. किल्ली वळण सोडून सरळ गेली आणि बंड्याच्या चपलेवर आपटली.

बंड्या वाकला, किल्ली उचलली, वळणाकडे नीट बघितलं.

"नोट्स चुकल्या तुझ्या," तो म्हणाला. "चारचं वळण होतं. तू सहा वाचलंस."