गिरणी कामगारांच्या घरांसाठी मुंबईत जागा खरोखरच नव्हती का?

गिरणी कामगारांच्या घरांविषयीचा एक मजकूर सध्या मोबाइलवरून सर्वत्र फिरतो आहे. गिरण्यांच्या जमिनी खाजगी होत्या, मुंबईत आता जागाच नाही, कामगारांना घरे फुकट हवी आहेत आणि मुंबईबाहेर शेलू-वांगणीला घर मिळत असताना मुंबईचा आग्रह धरणे हा हट्ट आहे, असे त्याचे म्हणणे. ज्यांची हयात गिरणगावात गेली त्यांच्याविषयी असे लिहिले जाते याचे मला दुःख होते, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

जमिनी खाजगी होत्या हे अर्धेच खरे आहे. मुंबईतल्या ५८ गिरण्यांपैकी २५ राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या मालकीच्या होत्या. त्यांपैकी ज्युपिटर, अपोलो, एल्फिन्स्टन, मुंबई टेक्सटाइल आणि कोहिनूर क्रमांक ३ या पाच गिरण्यांच्या जमिनी २००५ मध्ये लिलावाने विकल्या गेल्या. ती विक्री खाजगी मालकाने केलेली नव्हती.

जागा नव्हती हा मुद्दा सर्वांत जास्त पसरला आहे आणि सर्वांत जास्त दिशाभूलही तोच करतो. गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे गिरणीच्या जागेचा पुनर्विकास करायचा झाल्यास ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला मिळायची होती. २००१ मध्ये हा नियम बदलला आणि वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. जिथे साचेखाते, मागखाते असे कामाचे विभाग आणि गोदामे उभी होती ती जमीन, बांधकाम पाडल्यानंतरही, वाटणीबाहेर राहिली. गिरणी ज्याने आतून पाहिली आहे त्याला याचा अर्थ लगेच कळेल, कारण शेड आवारभर पसरलेल्या असत आणि मोकळे अंगण थोडेच असे. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये पाडकामानंतर मोकळी होणारी जमीनही मोजावी असा निकाल दिला होता, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून बदललेला नियम वैध ठरवला. तो निकाल मान्य करूनही एवढे म्हणावेच लागते, की जमीन होती आणि ती घरांकडून दुसरीकडे वळवण्याचा निर्णय माणसांनी घेतला.

आजचे म्हणाल, तर धारावी प्रकल्पातील घरांसाठी कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन केंद्राने २०२४ मध्ये मंजूर केली. मिठागरांवर बांधकाम व्हावे असे माझे मत मुळीच नाही, कारण भरतीचे आणि पावसाचे पाणी सामावून घेणारी ती जागा आहे. पण एका प्रकल्पासाठी मुंबईतच एवढी जमीन निघत असेल, तर कामगाराला जागा नाही असे ठामपणे कसे सांगता येईल?

फुकट घराविषयी फार लिहिण्याची गरज नाही. गिरणी कामगारांसाठी १ मार्च २०२० रोजी निघालेल्या सोडतीतील ३,८९४ घरांची किंमत प्रत्येकी साडेनऊ लाख रुपये होती आणि क्षेत्रफळ २२५ चौरस फूट. बाजारभावापेक्षा ही किंमत कमी आहे हे खरे, पण निवृत्तीनंतर किंवा वारसाच्या तुटपुंज्या पगारातून ती उभी करणाऱ्याला फुकट्या म्हणणे अन्यायाचे आहे.

राहिला शेलू-वांगणीचा प्रश्न. घराच्या पात्रतेसाठी धरलेल्या १ जानेवारी १९८२ या तारखेला हजेरीपटावर असलेला तिशीतला कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. ज्याचे उपचार परळच्या रुग्णालयात चालू आहेत त्याला पाऊणशे किलोमीटरवर, बदलापूरच्याही पुढे, जिथे मोजक्याच लोकल जातात तिथे राहायला सांगणे म्हणजे त्याच्या मुलाचे काम आणि त्याचे औषधपाणी एकाच वेळी तोडणे आहे. शिवाय पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज असताना २०१२ ते २०२० मधील सोडतींत १५,८७० घरे निघाली आणि त्यांतली २,४१७ मुंबईत नसून पनवेलजवळ कोन येथे होती. ज्याला शेलू सोयीचे आहे त्याने तिथले घर जरूर घ्यावे. पण ते नाकारणाऱ्याचा मुंबईतील हक्क संपू नये, म्हणूनच १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयातील, घर नाकारल्यास हक्क संपवणारे कलम १७ रद्द करण्याची मागणी पुढे आली आणि ९ जुलै २०२५ रोजी वयोवृद्ध कामगार व त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले.