चौदा मिलिमीटर

गाडीला मोठे टायर घालायचा विचार मनात आला, तरी तो चारचौघांत बोलू नये. कोल्हापुरात तर मुळीच नको. इथे ज्याच्याकडे नुसती सायकल आहे, त्याचंही पिकअपच्या टायरबद्दल ठाम मत असतं.

माझी इसुझूची हाय-लँडर पिकअप. सोळा इंची लोखंडी डिस्क, २४५/७० आर १६ टायर. खताची पोती आणि पाहुणे सुखाने वाहत होतो. एका रविवारी मेहुण्याने गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाला, "दाजी, गाडी दांडगी हाय, पण पैलवानाला बालवाडीचे बूट घातल्यागत दिसतीया." तेव्हापासून मला गाडी दिसेनाशीच झाली. नुसते बूट दिसू लागले.

टायरच्या दुकानात शेठनी पहिलाच प्रश्न टाकला, "एच/टी, ए/टी का एम/टी?" म्हणजे डांबरावरचा, दोन्हीकडे चालणारा की चिखलातला. एम/टीचे ते जाडजूड गट्टे बघून जीव हरखला. पण ते डांबरावर घोंघावतात आणि डिझेलही जास्त पितात, असं शेठनीच सांगितलं. मेहुण्याच्या मते तोच त्यांचा गुण. "लांबनंच कळलं पायजे, दाजी आले!"

मग आकडे. २४५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० ही त्या रुंदीच्या हिशेबात टायरच्या भिंतीच्या उंचीची टक्केवारी, आणि १६ मात्र इंचात. एका ओळीत तीन तऱ्हेची मापं कोंबणाऱ्याचं गिऱ्हाइकाशी काहीतरी जुनं वैर असणार. रात्री वही घेऊन बसलो. आताचं चाक ७४९ मिलिमीटर उंच. २६५/७० घातलं तर ७७७. फरक अठ्ठावीसचा, पण गाडी उचलली जाणार त्याच्या निम्म्याने, कारण उरलेला निम्मा आसाच्या वरच जातो. म्हणजे चौदा मिलिमीटर!

बायकोने वहीत डोकावून पाहिलं. "एवढ्या पैशांत चौदा मिलिमीटर? माझ्या चपलेची टाच याहून उंच आहे. चारशे रुपयांत आली."

शिवाय मीटरवर शंभर दिसतील तेव्हा गाडी जवळजवळ एकशेचारने पळत असणार. हायवेवरच्या कॅमेऱ्याला ही वही कोण दाखवणार?

मेहुण्याला २६५ नकोच होता. त्याला २८५/७५ हवा होता, जवळपास तेहतीस इंची. शेठच्या पोऱ्याने मला स्टेअरिंग पार टोकाला फिरवायला लावलं, आडवा होऊन चाकामागे हात घातला आणि तिथूनच निकाल दिला, "दोन बोटं जात्यात. २६५ बसंल. २८५ मडगार्ड खाणार." मग गाडी उचलून धरणारं लिफ्ट किट लावू, असं ठरायला लागलं. गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलंय, असं मी म्हणालो. "कोर्ट कुठं हितं बघायला येतंय?" मेहुण्याने विचारलं. २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच भरतं, हे त्याच्या कानावर घालावं लागलं.

अलॉय चाकांचा विषय वेगळाच. सहा बोल्टचं गणित जुळलं, तर ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते माप, जुळेना. चाक मडगार्डच्या बाहेर येतं आणि सगळा राडा दारांवर उडतो. शेठना त्यात सौंदर्य दिसत होतं. गाडी मला धुवावी लागते. म्हणून डिस्क कंपनीचीच ठेवली.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो, ती म्हणजे टायरवरचा वजनाचा आकडा. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो. पोती भरणाऱ्या गाडीत त्याहून हलका टायर घालणं हा शुद्ध वेडेपणा, मग तो कितीही रुबाबदार दिसो. बनावटीची तारीखही जवळचा चष्मा लावून वाचली. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. शेठ म्हणाले, "साहेब, टायर घेताय का पत्रिका बघताय?"

शेवटी २६५/७० चे ए/टी आले. पाच! कारण जुनी स्टेपनी आता उंचीला कमी पडते.

घरी आणल्यावर आई गाडीत चढायला गेली आणि पदर सावरत खालीच उभी राहिली. "मी एसटीनं जाते," म्हणाली. मग दोन्ही बाजूंना पायऱ्या बसवून घेतल्या. आता आई चढते, पण त्या पायऱ्या गाडीच्या पोटाखाली चांगल्याच लोंबतात आणि शेताच्या बांधावर आधी त्याच घासतात.

शेठकडे तक्रार घेऊन गेलो. त्यांनी वाकून बघितलं, हात झटकले आणि म्हणाले, "मग घाला की २८५!"