पेन्सिलीचं तुमचं खरं, पण दीडशेच्या रिमोटचं नाही

नमस्कार दादा,

तीस वर्षं टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाने टीव्हीचा बिघडलेला रिमोट घरीच दुरुस्त करण्यावरचा माझा लेख, म्हणजे माझं रिमोट-पुराण, शेवटपर्यंत वाचलं, याचंच आधी अप्रूप वाटलं. तुमचे आक्षेप चार: पेन्सिल घासणं म्हणजे टाइमपास, मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघून काही कळत नाही, सेल गळून धरलेल्या गंजावर सरसकट लिंबू सांगणं चूक, आणि इंदूरच्या महाराणी रोडवर दीडशेला नवा रिमोट मिळतो तर हा खटाटोप कशाला.

पेन्सिलीवर मी हरले. बटणाच्या रबराखाली कार्बनची काळी टिकली असते, ती बोर्डावरच्या रेघांना टेकली की बटण लागतं; तिच्यावर ६बी पेन्सिल घासली, आवाजाचं बटण लगेच चालू झालं आणि त्या भरात लेख लिहून मोकळी झाले. नऊ दिवस चाललं ते. सिलिकॉनच्या रबरावर ग्रॅफाइट टिकतच नाही, दाबून दाबून भुकटी होते. ती बोर्डावर सांडून रेघांच्या मधोमध बसली तर बटण न दाबताच दाबल्यासारखं होतं, हे तुम्ही लिहायच्या आधीच भोगून झालं होतं. त्यानंतर जे केलं ते लेखात नव्हतं. लाल-हिरवं-पिवळं-निळं अशी जी चार बटणं असतात, ती आमच्या घरात आजवर कुणी दाबलेली नाहीत. त्यातल्या दोघांच्या टिकल्या ब्लेडने कापल्या, आवाजाच्या दोन बटणांच्या झिजलेल्या टिकल्या खरवडून त्यांच्या जागी बसवल्या. झटपट चिकटणारा गोंद सिलिकॉनला धरत नाही. बेसिनच्या कडेला भरतात ते सिलिकॉन सीलंट टाचणीच्या टोकावर घेऊन लावलं. त्याला व्हिनेगरसारखा वास येतो आणि ती वाफ तांब्याला बरी नाही, म्हणून रबर बोर्डापासून लांब, पूर्ण एक दिवस उघड्यावर ठेवलं. दिवाळीपासून चालू आहे.

कॅमेऱ्याचं मात्र मी मागे घेणार नाही. मागच्या कॅमेऱ्यावर बहुधा इन्फ्रारेड अडवणारी काच असते, तिथे काही दिसलं नाही तर नवल नाही. पुढचा, सेल्फीचा कॅमेरा वापरा. बटण दाबलं की रिमोटच्या टोकाची एलईडी त्यात बहुतेकदा जांभळट लुकलुकताना दिसते. ती लुकलुकली म्हणजे कोड बरोबर जातोय असं नाही, हे तुमचं बरोबर. पण मी तेवढ्यासाठी बघतच नाही. चॅनलच्या बटणाला उजेड येतो आणि आवाजाच्या बटणाला येत नाही, एवढं दिसलं की सेल, एलईडी, सिग्नलची लय ठरवणारा क्रिस्टल सगळं ठीक, दोष त्या एका बटणाखाली. कुठलंच बटण पेटलं नाही तर आधी सेल आणि स्प्रिंगा, मग रिमोट पडला होता का ते विचारायचं, कारण आपटल्यावर क्रिस्टल जातो. मल्टिमीटर नसलेल्या घरात यापेक्षा स्वस्त तपासणी तुम्हीच सुचवा.

आणि रिमोटच्या आत साचणाऱ्या चिकट्याबद्दल जाता जाता “तो चिकटा म्हणजे हातांचा मळ, इंदुरात तर शेवेचं तेल” असं जे तुम्ही लिहिलंय, त्यावर हसले खरी, पण पटलं नाही. आईचा रिमोट पहिल्या दिवसापासून पॉलिथिनच्या पिशवीत, वर रबरबँड. तोही उघडला तेव्हा बोर्डावर, कंगव्याचे दात एकमेकांत अडकवावेत तशा त्या काळ्या रेघांवर, आवाजाच्या बटणाभोवती तेलकट गोल उमटलेला. शेव आत जायची कुठून? सिलिकॉनमधूनच ते तेल हळूहळू पाझरतं. म्हणून रबर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुऊन रात्रभर वाळवायचं, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने हलक्या हाताने पुसायचा. सँडपेपर अजिबात नाही, कार्बनच्या रेघाच निघून येतात. माझ्या अनुभवात दहातले सात रिमोट एवढ्यावरच उठून बसतात. टिकली बदलायची वेळ क्वचित.

लिंबाचं चुकलंच. अल्कलाइन सेल गळला तर अल्कली, तिथे लिंबू किंवा व्हिनेगर चालतं. साध्या झिंक-कार्बन सेलमधलं आम्लाच्या बाजूचं, तिथे खायचा सोडा. नंतर ओला बोळा, मग अल्कोहोल. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता दीडशे रुपये. आणला होता की! आईला मोतीबिंदू, रिमोट ती बघत नाही, चाचपते. पाचावरचा उंचवटा सापडला की तिथून अंगठा किती खाली न्यायचा हे तिच्या हाताला पाठ. नव्या रिमोटात आवाजाच्या जागी सोर्सचं बटण. आठवडाभर रोज दुपारी मला ऑफिसात फोन: “अगं, टीव्ही निळा झालाय, नो सिग्नल की काय म्हणतोय.” मग तिने टीव्ही लावायचाच सोडला. जुना उघडायला मला पाऊण तास लागला, त्यातली वीस मिनिटं सेलच्या कप्प्यातल्या स्टिकरखाली लपलेला स्क्रू शोधण्यात. कडेचे लॉक जुन्या एटीएम कार्डाने सुटले, पेचकसाने कड फुटते.

तुमच्याकडून एकच हवंय. टिकल्यांसाठी दरवेळी निळं-पिवळं बटण बळी देणं परवडणार नाही, आता दोनच उरलीत. सुट्या कार्बन टिकल्या महाराणी रोडवर कुठल्या बाजूला मिळतात? मी दोन दुकानांत विचारलं, दोघांनी नवा रिमोट पुढे केला.