साहेबांना पत्रिका हातातच हवी

आज डोकं फिरलंय म्हणून लांबलचक लिहितेय. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

आमच्या ऑफिसातल्या एका मुलीचं लग्न ठरलंय. वडील नाहीत, आईचे गुडघे गेलेत, त्यामुळे कार्यालय, केटरर, दागिने सगळं ती जेवणाच्या सुट्टीत फोनवर उरकते. तिने ग्रुपवर पत्रिकेची पीडीएफ टाकली, खाली 'सर्वांनी नक्की यायचं हं' आणि जोडलेले हात. आम्ही अभिनंदनं केली, विषय संपला. आणि आज भर मीटिंगमध्ये साहेब म्हणतात, "आम्हाला काय बाबा, व्हॉट्सॲपवर आमंत्रण. हल्ली अशीच पद्धत आहे म्हणे." सगळे हसले. तीही हसली. दुपारी डबा तसाच ठेवून पत्रिका छापून देणारा शोधत बसली. छापणारा म्हणे पन्नासच्या खाली छापत नाही. म्हणजे एका साहेबापायी पन्नास पत्रिका!

अहो, आपल्या छापील पत्रिकांच्या तळाशी वर्षानुवर्षं काय लिहिलेलं असतं? 'प्रत्यक्ष भेटून आमंत्रण देणे शक्य न झाल्यास हीच आग्रहाची विनंती समजावी.' आपल्या आजोबांनीसुद्धा ही पळवाट ठेवली होती. मग आत्ताच कुठून आला हा मान?

मला ताईचं लग्न आठवलं. कराडला होतं, बारा पस्तीसचा मुहूर्त, मे महिना. बाबा सरकारी कचेरीत कारकून. त्यांचे साहेब पुण्याहून निघालेले आणि खंबाटकी घाटात अडकलेले. तेव्हा खिशात फोन नव्हते, कोणीतरी येऊन सांगितलं एवढंच. बाबांनी भटजींच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मंगलाष्टकं लांबायला लागली. मामांनी म्हटलं, काकूंनी म्हटलं, नवऱ्याकडच्या एका आजोबांनी स्वतः रचलेलं म्हटलं, त्यात सगळ्या नद्या येऊन गेल्या. माझ्या मुठीतल्या अक्षता घामाने ओल्या होऊन तळहाताला कुंकवाचा रंग लागला. लहान पोरांनी आपापल्या अक्षता कधीच एकमेकांच्या डोक्यात टाकून संपवल्या होत्या. अंतरपाटापलीकडे ताई उभी, मुंडावळ्या कपाळाला चिकटलेल्या, आणि बाबांची नजर दाराकडे. स्वतःच्या मुलीकडे नाही, दाराकडे!

मला त्या साहेबांचा कितीतरी वर्षं राग होता.

पण खरं सांगते, ते आले तेव्हा ओशाळले होते. "अहो, माझ्यासाठी मुहूर्त कसला थांबवता?" असं म्हणत मागच्या रांगेत बसायला निघाले. बाबांनीच त्यांना हाताला धरून पुढे आणलं, फेटा बांधला, माइकवरून नाव पुकारलं. साहेबांनी काहीच मागितलं नव्हतं. कुणी न मागता एवढं द्यावंसं वाटतं, ही भीती नोकरीने बाबांच्या अंगात मुरवली होती. बाबांना काय बोलणार? बढती, बदली, मुलीचं शिक्षण, सगळं त्या एका सहीवर.

म्हणूनच आजच्या साहेबांचा जास्त राग येतोय. ते साहेब निदान ओशाळले तरी. यांनी मागून घेतलं, तेही चारचौघांत, थट्टेच्या सुरात, म्हणजे उद्या कोणी बोललं तर 'अरे मी मजा करत होतो' म्हणायला मोकळे.

2021 च्या एप्रिलात सरकारने लग्नाला फक्त पंचवीस माणसं ठेवली होती, तीही दोन तासांत उरका म्हणून. मोडलं तर पन्नास हजार दंड. तेव्हा कोणाच्या साहेबांनी विचारलं होतं का, मला का नाही बोलावलं? सगळे घरी बसून झूमवर अक्षता टाकत होते आणि कोणाचाही मान कमी झाला नाही. सरकारी नोकरांनी लग्नातल्या भेटींबाबत काय करावं याचे 1979 चे वर्तणूक नियमही आहेत. पत्रिका कशी स्वीकारावी हे त्यात नाही.

हो, हातात दिलेल्या पत्रिकेची मजा वेगळी, मान्य. कोपऱ्यांवर हळदकुंकवाची बोटं, सोबत चार अक्षता, पाणी घेत घेत दोन मिनिटं गप्पा. मलाही आवडतं. पण ते आत्याला, शेजारच्या काकूंना. जो माणूस तिची रजा मंजूर करतो, त्याच्या दारात तिने पेढ्याचा पुडा घेऊन उभं राहायचं, याला मी आमंत्रण म्हणत नाही.

आणि रजेचं तर विचारूच नका. अर्ज तसाच पडून आहे. हळदीच्या दिवशी 'अर्धा दिवस येऊन जा ना' असं सुचवून झालंय. हळद लागलेल्या मुलीला घराबाहेर पाठवायला तिची आई तयार होईल का? आणि ही आई तर आजारी. बोलावंसं वाटलं, पण मीटिंगमध्ये सगळ्यांसारखी मीही टेबलाकडे बघत बसले होते, हे लिहून टाकते.

आता कमेंटमध्ये 'आमच्या वेळी घरोघर जाऊन आमंत्रणं द्यायचो' असं लिहायला येणाऱ्या काकांनो, जरूर लिहा. फक्त तुम्ही गावभर आमंत्रणं देत फिरत होतात तेव्हा घरी आलेल्या पाहुण्यांच्या पोळ्या कोण लाटत होतं, तेही सोबत लिहा.