सोप अगदी सोपे असते

गेल्या पंधरवड्यात एका संस्थेच्या सोप सेवेला कॉल करणारा क्लायंट (तिला विनंत्या पाठवणारा प्रोग्रॅम) लिहिण्याचे भाग्य माझ्या वाट्याला आले. सोप (SOAP) म्हणजे संगणकांनी कोनी कंसांच्या खुणांनी लिहिलेल्या एक्सएमएल संदेशांतून एकमेकांशी बोलण्याची ठरीव पद्धत. कामाला दोन दिवस धरले होते, लागले अकरा. हा अनुभव एकट्याने गिळून बसणे बरे नव्हे, म्हणून ज्यांच्यावर हीच वेळ येणार आहे त्यांच्यासाठी हे चार शब्द. सोपमधला ‘एस’ हा मुळात ‘सिम्पल’चा होता; २००३ साली १.२ ही आवृत्ती प्रमाणित झाली तेव्हा वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने हे नाव आता कशाचेही लघुरूप राहिलेले नाही असे लिहून टाकले. इतकी प्रांजळ कबुली मी दुसऱ्या कुठल्या मानकात वाचलेली नाही.

सर्वप्रथम सेवेला काय विचारायचे आणि ती काय उत्तर देणार हे सांगणारी डब्ल्यूएसडीएल फाइल मागवावी. सेवा देणारा आणि घेणारा यांच्यातील तो करार असतो असे म्हणतात; लग्नपत्रिकेतील मुहूर्तावर आपण जेवढा विश्वास ठेवतो तेवढाच त्यावर ठेवावा. त्यावरून क्लास तयार करून देणारे ‘डब्ल्यूएसइम्पोर्ट’ जावा भाषेच्या जेडीके या साधनसंचात पूर्वी आयतेच मिळत असे. ११व्या आवृत्तीपासून ते काढून टाकले आहे, तेव्हा वेगळे आणावे. फाइलमधला सेवेचा पत्ता १९२.१६८ने, म्हणजे फक्त आतल्या नेटवर्कवर चालणाऱ्या आकड्यांनी, सुरू होत असेल तर गांगरू नये. यजमानांनी आपल्या माजघराचा पत्ता छापला आहे, एवढाच त्याचा अर्थ; दाराचा पत्ता फोन केल्यावर मिळतो.

आवृत्ती १.१ आहे की १.२, हे विचारून कोणाला संकोचात पाडू नये. दोन्ही पाठवून पाहावे.

चूक झाली तर एचटीटीपी ५०० (सर्व्हरवर चूक झाल्याचा कोड) येईल या भ्रमात राहू नये. येते २००च (सगळे ठीक), आणि आत खोलवर कुठेतरी एक दोन अंकी कोड असतो, ज्याचा अर्थ सांगणारा तक्ता ‘पुढील आवृत्तीत’ मिळणार असतो.

उत्तराचा डेटाटाइप नेहमी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असतो, हे पाठ करून ठेवावे. रक्कम, तारीख, होय-नाही, सगळे त्या एकाच स्ट्रिंगमध्ये कोंबलेले असते आणि ती उघडली की आतून दुसरे एक्सएमएल निघते, ज्यातील प्रत्येक कोनी कंसाचे ‘अँपरसँड एलटी’ (<) अशा सांकेतिक खुणेत रूपांतर झालेले असते.

आता सुरक्षेचे शीर्षक, म्हणजे वापरकर्त्याचे नाव, पासवर्डचा डायजेस्ट (त्यावरून गणिताने काढलेला ठसा), नॉन्स (एकदाच वापरायची यादृच्छिक किल्ली) आणि ‘क्रिएटेड’ ही वेळ. करारात याचा उल्लेख नसेल तर ते गुप्ततेसाठीच केले असावे असे समजावे. डायजेस्ट कसा काढायचा हे ओएसिस या मानकसंस्थेच्या मानकात स्पष्ट आहे: नॉन्स, वेळ आणि पासवर्ड एकापुढे एक जोडायचे, त्यांचा शा-१ या सूत्राने ठसा घ्यायचा आणि तो बेस६४मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत, लिहायचा. मी तसाच काढला. उत्तर आले, ‘सुरक्षा शीर्षक तपासताना चूक आढळली’. कोणती चूक, ते नाही. नॉन्स बेस६४च्या रूपात जोडला की मूळ बाइट्सच्या, या शंकेत दोन दिवस गेले. पासवर्ड चुकीचा असेल म्हणून तो तीनदा बदलून घेतला. रोज मेल टाकावी आणि रोज तेच उत्तर यावे: ‘आमच्याकडे सोपयूआयमध्ये (सोप सेवा तपासण्याच्या साधनात) चालते.’ अहो, तुमच्याकडे चालते म्हणून तर तुमच्याकडे विचारतो आहे! अखेर नवव्या दिवशी, विनवण्या केल्यावर, त्यांच्या अभियंत्याने दुपारी पावणेचारच्या सुमारास पाठवलेली एक चालणारी रिक्वेस्ट माझ्या हाती आली. तिच्यातील ‘क्रिएटेड’मध्ये लिहिले होते १५:४०, आणि शेवटी झेड. झेड म्हणजे यूटीसी, जगाची प्रमाणवेळ. दुपारी तीन चाळीसला यूटीसीमध्ये दहा वाजून दहा मिनिटे झालेली असतात. यांचा सर्व्हर भारतीय वेळेलाच झेड लावून बसला होता, त्यामुळे मी पाठवलेली बरोबर वेळ त्याला साडेपाच तास शिळी वाटत होती आणि तो प्रत्येक विनंती मुदत संपलेली म्हणून फेकून देत होता. मी वेळेत साडेपाच तासांचे खोटे मिसळले आणि पहिल्याच फटक्यात उत्तर आले.

तेव्हा शेवटचा सल्ला असा, की मानकाप्रमाणे लिहू नये.

नाही, हा सल्ला मला पुढे रेटवत नाही. सेवा चालवणाऱ्या मंडळींनो, जुने तंत्रज्ञान वापरल्याबद्दल तुम्हाला कोणी दोष देत नाही. सोप नीट वापरले तर यंत्राला वाचता येणारा करार आयता हाती येतो, आणि हे सुख आजच्या कितीतरी नव्या सेवांत नसते. तो करार तुम्ही स्वतः एकदाही वाचलेला नाही, याची चीड येते. बाहेरच्या नेटवर्कमधून, कोऱ्या संगणकावर, आपल्याच डब्ल्यूएसडीएलवरून एक क्लायंट बनवून पाहायला तुम्हाला एक दुपार पुरली असती. ती तुम्ही वाचवली आणि त्यापायी माझे नऊ दिवस गेले. माझ्या आधी ज्यांनी ही सेवा जोडली त्यांचेही गेलेच असणार, आणि त्यांनीही माझ्यासारखेच मुकाट्याने साडेपाच तास मिळवले असणार. फाइलमधला पत्ता बदला. चुकीच्या संदेशात चूक काय ते लिहा. घड्याळ दुरुस्त करा. मात्र ते दुरुस्त कराल त्या क्षणी आमचा क्लायंट बंद पडणार आहे, तेव्हा निदान आदल्या दिवशी एक मेल टाका.