खुलासा: लोडर आपोआप खाली आला म्हणजे सील गेलं असं नाही

मुंबईत किनारा-सफाईसाठी, नर्सरीसाठी लोडरवाला (पुढे बकेट उचलणारे हायड्रॉलिक हात असलेला) नवा छोटा ट्रॅक्टर घेतलेल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘इंजिन बंद केल्यावर लोडर खाली बसला तर सील खराब, रिलीफ व्हॉल्व्ह आवळा.’ (सील म्हणजे सिलिंडरमधून तेल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी.) कृपया व्हॉल्व्ह आवळू नका. तो व्हॉल्व्ह पंपाच्या दाबावर मर्यादा घालतो, उचललेलं वजन धरून ठेवत नाही. आवळल्याने होज (तेलाची नळी) फुटू शकतो.

लोडर खाली बसतो तो बहुधा स्पूलमुळे, म्हणजे लिव्हरच्या व्हॉल्व्हमधल्या, तेलाची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यामुळे. तो सरकायला काही मायक्रॉनची फट लागतेच. तिथून तेल झिरपतं आणि बकेट सावकाश उतरते. सिलिंडरच्या रॉडवर खडूने खूण करून तो किती सरकतो ते मोजा, मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. उचललेल्या बकेटखाली कुणीही उभं राहू नये, क्षणभरही नाही. रॉडवर तेलाचा ओघळ दिसला तर मात्र सील बघा: खाऱ्या वाऱ्याने क्रोमला खड्डे पडतात आणि त्यांच्या कडांवर सील कापलं जातं.

बकेट झपकन खाली सोडल्यावर जमिनीवर लगेच जोर येत नाही, हाही बिघाड नव्हे. वजनामुळे ती पंपाच्या पुरवठ्यापेक्षा वेगाने उतरते, सिलिंडरच्या दुसऱ्या बाजूला पोकळी राहते. ती तेलाने भरेपर्यंत थांबावं लागतं. लिव्हर थोडाच हलवून बकेट सावकाश उतरवा.